शेवटच्या खोक्यापाशी

"कुठल्या मुठीत?"

बाबांचा तो आवाज तिला अजून जसाच्या तसा ऐकू येई. संध्याकाळी कामावरून आले की बूटसुद्धा न काढता ते दारातच उकिडवे बसत, दोन्ही मुठी पुढे धरत आणि विचारत, "सांग बघू चिमणे, कुठल्या मुठीत?" ती त्यांच्या डोळ्यांकडे बघे, भुवईकडे बघे, मनगटावरच्या शिरेकडे बघे. मग एका मुठीवर टिचकी मारी. मूठ उघडली की आत लिमलेटची गोळी. रोज. एकदाही चुकली नाही. गल्लीतल्या पोरांत तिचा काय तोरा होता – मला माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं! मग दहाव्या वर्षी, एकदा, जिंकल्यावर तिने सहज दुसरीही मूठ उघडून बघितली.

तीतही गोळी होती.

बाबा खो खो हसले. ती मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आता बाबा नाहीत, ती गल्लीही मागे पडली, पण तेव्हा जडलेली खोड काही सुटली नाही. फार सहज जिंकलो की तिच्या मनात पाल चुकचुके.

मोठी होऊन तिने काम पत्करलं तेही त्याच जातीचं. डोंगराच्या पायथ्याशी दगडी भिंतींचं एक केंद्र होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे एक पत्र्याची शेड, बस्स. तिथे पक्षी कसे शिकतात आणि कसं ठरवतात, याचा अभ्यास चाले. केंद्राच्या प्रमुख बाई साठी ओलांडलेल्या. गुडघ्यांनी त्यांच्याशी वैर धरलेलं, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. आणि स्वयंपाकाला मावशी. मावशींच्या हाताला चव होती आणि जिभेला धार.

बाईंचा प्रश्न साधा होता, उत्तर मात्र तीन वर्षांना पुरून उरलं होतं. पायथ्याला एक राई होती, ओलाव्याची, सावलीची, बाराही महिने किड्या-अळ्यांनी भरलेली. आणि वर, तासाभराच्या चढावर दुसरी राई होती, वाऱ्याची, थंडीची, हिवाळ्यात रिकाम्या पोटाची. दोन्हीकडे राहणारा पक्षी एकच. मुठीत मावेल एवढा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा. सगळे त्याला टोपीवालाच म्हणत. जिथे एक चूक झाली तर उपाशी निजावं लागतं, तिथला टोपीवाला अधिक लवकर शिकतो का? आणि शिकलेलं जुनं झालं, खोटं ठरलं, तर ते टाकून द्यायला आधी कोण तयार होतो, सुखातला की कष्टातला? हजार पिढ्यांच्या उपासाने त्याच्या चिमुकल्या टाळक्यात काही वेगळं घडवलंय का?

त्यासाठी दोन्ही रायांत खांबांवर चार-चार लाकडी खोकी बसवली होती. प्रत्येक खोक्यावर वेगळ्या रंगाची पत्र्याची पट्टी. चारांपैकी एकातच अळ्या. काही दिवस अळ्या निळ्या पट्टीखाली, मग खूण बदलून अचानक पिवळ्या. टोपीवाल्याने आधी कुठलं झाकण उचललं, ते टिपायचं.

आणि यात बाईंचा एक कडक नेम होता. खोकी भरणारा वेगळा, बघणारी वेगळी. भरणाऱ्याने उजाडताना वर जायचं, पट्ट्यांच्या जागा बदलायच्या, चारही खोक्यांत हात घालायचा पण अळ्या एकातच सोडायच्या आणि निघून यायचं. मग बघणारीने आडोशाला बसून टिपायचं. कुठल्या खोक्यात खाऊ आहे, हे बघणारीला कळता कामा नये.

"कारण ठाऊक असलं ना, की डोळे आपल्याला हवं तेच बघतात," बाई म्हणत. "संध्याकाळी चार वाजता दोघांच्या वह्या माझ्या कपाटात येईपर्यंत भरणारा आणि बघणारी एकमेकांशी अवाक्षर बोलणार नाहीत. खूण नाही, खाकरणं नाही, काही नाही."

ती वरच्या राईची बघणारी. खालच्या राईत बाई स्वतः बघत; भरणारा उतरताना तीही भरून येई.

*

हिवाळ्याच्या तोंडाशी ती आठ दिवस सुट्टीवर गेली आणि परतली त्याच पहाटे वर निघाली. धुकं असं, की स्वतःचा हात झटकला तर धुकंच सांडावं. चढाच्या मध्यावर एक वळण होतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार, मधे एका माणसापुरती वाट. तिथे वरून कोणीतरी येताना दिसलं. उंच माणूस, कानावर पेन्सिल, हातात पत्र्याचा डबा.

"अहो, वर पण एवढंच धुकं आहे का?"

माणूस थबकला. त्याने बोट ओठांवर ठेवलं. मग डोळे घट्ट मिटले. आणि मग वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा कातळाकडे तोंड करून उभा राहिला!

"अहो... बरं नाही का वाटत?"

त्याने पाठीमागे हात नेऊन नुसतं 'जा, जा' केलं. ती अंग चोरून पुढे सरकली. दहा पावलांवर वळून पाहिलं तर स्वारी अजून कातळाशीच.

चाराला मिनिटभर असताना वही बाईंच्या कपाटात टाकून ती स्वयंपाकघरात गेली, तर तोच माणूस चहाचा पेला हातात धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसलेला. काटा चारावर सरकला मात्र –

"धुकं होतं! वर तर इतकं होतं की खोकी हातांनी चाचपून शोधली. राईच्या पलीकडे जरा कमी होतं. आणि मला बरं वाटतंय, अगदी ठणठणीत आहे मी." त्याने श्वास घेतला. "सकाळपासून उत्तर पोटात घेऊन बसलोय हो. फुटलो असतो."

ती जी हसत सुटली ती थांबेचना.

तो सुतार होता. खारींनी खोक्यांच्या बिजागऱ्यांच्या कडा कुरतडून ठेवल्या होत्या, त्या दुरुस्त करायला चार दिवसांसाठी आलेला. नेमका त्याच आठवड्यात जुन्या भरणाऱ्याने निरोप घेतला आणि बाईंनी सुताराला विचारलं, थंडीभर राहतोस का? शेडमध्ये झोपायची सोय झाली, रंधा-पटाशी खुंटीला लागली, तो राहिला.

"पण कातळाकडे तोंड कशाला?" तिने विचारलं.

"बाई म्हणाल्या, चेहऱ्यावरूनसुद्धा कळू देऊ नकोस. माझा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक, आमची आईच म्हणते. मग तो कुठे ठेवू?"

"चेहरा झाक," आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला. "आणि वाटेवर डोळे मिटू नकोस, गडगडत खाली येशील. खोकी कोण भरेल मग?"

दुसऱ्या दिवसापासून तो राखाडी मफलर नाकावरून घेऊन येऊ लागला. राहिले फक्त डोळे. वळणावर रोज दोघं एकमेकांना ओलांडत. ती कातळाकडून, तो उताराकडून. शब्द नाही, खूण नाही. पण झाकून झाकून तरी माणूस किती झाकणार? आठ दिवसांत तिला त्या डोळ्यांचं हवामान पाठ झालं. झोप झालेली, न झालेली. घरून पत्र आलेलं. एखादा विनोद चारपर्यंत राखून ठेवलेला...

आणि चारच्या ठोक्याला तो विनोद हमखास बाहेर पडे.

"मॅडम, तुमचा लाल कडीवाला टोपीवाला आज माझ्या डब्यात शिरला होता." पक्ष्यांच्या पायात ओळखीसाठी रंगीत कड्या होत्या. "म्हटलं, बाबा रे, रांगेत ये."

"मला मॅडम नका म्हणू. अवघडल्यासारखं होतं."

"मग काय म्हणू?"

"अरे ताई म्हण की!" मावशी चुलीपासून म्हणाल्या. "तुझ्याहून वर्षभराने मोठीच असेल."

सुताराला असा ठसका लागला की चहा नाकातून यायचा बाकी राहिला. "ताई... ताई नको मावशी," तो कसाबसा म्हणाला, "ताई मला घरी दोन आहेत, पुरेत." आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मावशींनी भांड्यातून डोळे वर केले, तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भांड्यात घातले.

मग एके दिवशी वरच्या आडोशातली बसायची फळी बदलली. तीन वर्षं त्या फळीने तिच्या कपड्यांतले धागे ओढले होते. आज बघते तर गुळगुळीत, कडा गोलवलेल्या, पाठ टेकायला मागे तिरकी पट्टी. दिवसभर ती त्या फळीवर तळवा फिरवत राहिली. चार वाजता म्हणाली,

"वरची फळी गुळगुळीत झालीय."

"हो? वाळवीने केली असेल."

"वाळवी रंधा मारते का?"

"शिकली असेल. तुमच्याकडे सगळेच शिकतात."

अशा हसण्याबोलण्यात थंडी निम्मी सरली. मधे ती सात दिवस तापाने पडली. तिच्या जागी वही घेऊन मावशी वर गेल्या. गुडघ्यांना, डोंगराला आणि टोपीवाल्यांच्या पूर्वजांना शिव्या घालत गेल्या, पण गेल्या. त्यांच्या नोंदी वाचून बाई डोळे पुसेपर्यंत हसत. 'पिवळ्याचं झाकण उचललं. मूर्ख आहे. आत काही नव्हतं.' नेमक्या त्याच आठवड्यात खूण बदलली होती आणि बरोबर झाकणं धाडकन कमी झाली. मावशींना कुठे नीट दिसतंय, असं म्हणून तिने तो आठवडा बाजूला ठेवून दिला.

त्या सात दिवसांत चार वाजले की खिडकीबाहेर रंध्याचा आवाज येई. तो मुद्दाम तिच्या खिडकीखाली फळ्या तासायला बसे आणि दिवसभराची बातमी देई. "लाल कडीवाल्याचं आज हिरव्या कडीवालीशी भांडण झालं. चूक त्याचीच होती. ताप किती आहे?"

"उतरतोय."

"खरं सांगतेस ना?"

तो 'सांगतेस' कधी म्हणायला लागला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. भुशाचा ओला गोड वास खिडकीतून आत येत राहिला आणि ती डोळे मिटून पडून राहिली, बरं व्हायची फारशी घाई न करता.

*

थंडी सरता सरता वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. महिनाअखेरीस ठोस निष्कर्ष पाठवा. नाहीतर या हंगामानंतर केंद्र बंद करण्यात येईल.

बाईंनी आठवड्याआठवड्याची बेरीज केली आणि चष्मा कपाळावर सरकवला. वरच्या राईतले टोपीवाले दहापैकी नऊ वेळा बरोबर झाकण उचलत होते. खालच्या राईतले जेमतेम सहा. "अगं, हे तर फारच छान!" बाई म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून 'फारच' हा शब्द तिने प्रथमच ऐकला. मावशींनी लगेच शिरा टाकला. सुतार म्हणाला, "म्हणजे पुढच्या थंडीतही खोकी भरायची ना?" विचारलं बाईंना, बघत होता तिच्याकडे.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. आणि मागोमाग ती जुनी पाल चुकचुकलीच.

तिने वह्या काढल्या आणि आठवड्यांचे दिवस सुटे केले. खूण बदलायची त्या सकाळी काय होत होतं? काल खाऊ निळ्याखाली होता, आज पांढऱ्याखाली. टोपीवाल्याला हे कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या सकाळी त्याने चुकायलाच हवं. चुकेल तेव्हा तर शिकेल! खालच्या राईतले चुकत होते. वरचे मात्र पहिल्याच सकाळी, पहिल्याच झाकणाला, दहात नऊ बरोबर.

हे शिकणं नव्हतं. त्यांना कुणीतरी आधीच सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तीन वर्षांत प्रथमच नेम मोडला. तो निघायच्या आधी ती वर गेली आणि आडोशात, त्याच गुळगुळीत फळीवर, श्वास रोखून बसली.

झुंजूमुंजू झालं. तो आला, पाठीवर एक नवा खांब घेऊन, गुणगुणत, पायऱ्या चढाव्यात तसा डोंगर चढून. पट्ट्यांच्या जागा बदलल्या. पहिल्या खोक्यात हात घातला, दुसऱ्यात घातला, तिसऱ्यात घातला. सगळं बाईंनी सांगितल्याबरहुकूम. चौथ्यात अळ्या सोडल्या, झाकण लावलं.

आणि मग तो गेलाच नाही.

त्या चौथ्या खोक्याच्या खांबाला खांदा टेकून उभा राहिला. मफलर गळ्याशी ओढला. खाली बघत राहिला. समोरच्या झुडपावर एक टोपीवाला उतरला, दुसरा उतरला, पाच झाले, सात झाले. माना तिरक्या करून त्याच्याकडे बघत बसले. तो पुतळ्यासारखा उभा. ऊन टेकडीला टेकलं. त्याची चुळबूळ सुरू झाली.

"आज उशीर झाला रे," तो झुडपाला म्हणाला. "ताप तर नाही ना आला परत?"

शेवटी त्याने मफलर वर घेतला आणि जवळजवळ पळतच उतरला. तो दिसेनासा होताच लाल कडीवाला उडाला, थेट चौथ्या खोक्यावर. बाकीच्या तिन्हींकडे ढुंकून न बघता त्याने झाकण उचललं.

खालच्या राईत भरल्या पोटाच्या टोपीवाल्यांना माणूस कुठे उभा राहतो याच्याशी कर्तव्य नव्हतं. वरच्यांना होतं. उपाशी जीव कुठलीच खूण वाया जाऊ देत नाही. पट्टीचा रंग बदलत होता. पण खांबाला टेकलेला माणूस बदलत नव्हता. रोज खोकं वेगळं, पण खाऊचं खोकं शेवटी आणि तिथेच तो उभा. त्यांनी रंग शिकलाच नव्हता. त्यांनी सुतार शिकला होता.

ती उठली आणि त्या खांबापाशी जाऊन उभी राहिली, त्याच्यासारखाच खांदा टेकून. बाजूच्या खोक्यांपाशी गेली, तिथूनही पाहिलं. राईतून कुठूनही खाली बघा, झाडाझुडपांतून एकच गोष्ट दिसे. चढाच्या मध्यावरचं वळण.

तिचे कान तापले. आणि मग आकडे आठवले. वरच्या राईचा अख्खा हंगाम मातीत गेला होता.

*

न बोलण्याचा नेम मात्र तिने त्या दिवशीही चारपर्यंत पाळला. मग वही कपाटात टाकून तडक शेडमध्ये गेली. तो पटाशीला धार लावत होता.

"आज सकाळी वळणावर दिसली नाहीस," तो म्हणाला. "जीव टांगणीला लागला माझा."

"मी वर होते. आडोशात. तुझ्या आधीपासून."

पटाशी थांबली. तिने सगळं सांगितलं – झुडपावरचे सात टोपीवाले, लाल कडीवाला, पहिल्या सकाळीच बरोबर उघडलेली झाकणं. त्याच्या चेहऱ्यावर एक-एक दिवा मालवत गेल्यासारखं झालं. ते पुस्तक आज वाचवत नव्हतं.

"म्हणजे... तुझी तीन वर्षं..."

"तीन नाहीत. ही थंडी. पण निष्कर्ष मिळणार होता तो याच थंडीतून." ती जवळ आली. "का थांबायचास तिथे?"

तो भुशाकडे बघत राहिला.

"सांग ना."

"दम लागायचा," तो म्हणाला.

"दम? पाठीवर खांब घेऊन गुणगुणत चढलास आज. मी बघितलं."

"चढताना नाही लागत. चढल्यावर लागतो." मग अगदी हळू, "बाईंना मी सांगतो. चूक माझी आहे. मला काढतील, दुसऱ्याला ठेवतील, तू राहशील."

"महिनाअखेर चार दिवसांवर आलीय. दुसरा येऊन चार दिवसांत काय करणार? केंद्रच राहणार नाही, तर कोण कुठे राहणार?"

ती रागाने बाहेर पडली. राग हंगाम वाया गेल्याचा नव्हता. त्या 'दम लागायचा'चा होता. डोळ्यांनी रोज काय काय सांगणारा माणूस तोंडाने एवढं एक सांगत नव्हता. का, तेही तिला कळत होतं. आधीच हिचं काम नासवलं, आता वर हेही ऐकवू?

शेडपासून स्वयंपाकघरापर्यंत वीस पावलांचं अंगण होतं. त्या वीस पावलांत एक वाईट विचार तिच्याबरोबर चालत आला. नाही सांगितलं तर? बेरीज झालेली आहे. बाई खूश आहेत. आठवड्यांचे दिवस सुटे करून बघणारी ती एकटीच. केंद्र राहील, पुढची थंडी येईल, वळणावर पुन्हा मफलर आणि डोळे... कुणाला कळणार आहे?

दहा वर्षांची असताना तिला जे वाटलं होतं, ते तिला पुन्हा वाटलं. दोन्ही मुठींत गोळी असेल, तर जिंकणं कसलं? ती उंबरा ओलांडून आत गेली आणि बाईंना म्हणाली, "वरच्या राईचे आकडे खोटे आहेत."

*

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. उठून कपाटातून एक जाड निळी वही काढली. ही केंद्राची चूक-वही. इथे चूक झाली की करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायची, कारणासकट, एका वाक्यात. आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. पहिलीच नोंद बाईंची होती – 'मी पिंजऱ्याचं दार लावायला विसरले, कारण शब्दकोडं सोडवत होते.' मावशींच्या तर तीन होत्या.

सुताराला बोलावणं गेलं. तो दाराशी अंग आखडून उभा राहिला. बाईंनी वही पुढे सरकवली. त्याने कानावरची पेन्सिल काढली, लिहिलं आणि वाचलं:

"भरणारा खाऊच्या खोक्यापाशी थांबत असे, कारण त्याला दम लागत असे."

चुलीपाशी मावशी पोळी उलटत होत्या. त्यांनी कुणाकडे न बघता आपल्याशीच सूर धरला,

"उंबऱ्याशी उभी सखी, उभ्या उभ्या ऊन आलं,
कुणासाठी? पुसलं मी – म्हणे, दूध उतू गेलं..."

"मावशी, गाणं नंतर," बाई म्हणाल्या, पण ओठांचा कोपरा हलला. "सुतारा, ही सात दिवस तापाने पडली होती. मावशी वर जायच्या. त्या सात दिवसांतही थांबत होतास?"

त्याने पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपलं.

"कसला थांबतोय!" मावशी म्हणाल्या. "मी इथे चपला शोधत असायची, तोवर हा खाली परत. मी म्हटलं, अरे वर जाऊन आलास की नुसता विचार करून आलास?"

तिच्या डोक्यात लख्ख झालं. तिने धावत जाऊन बाजूला ठेवलेला तो आठवडा आणला. "बाई, हे बघा. खूण बदलली ती दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी दहात दोनच बरोबर. नुसत्या अंदाजाने येतील तेवढेच! चौथ्या सकाळी पाच. सहाव्या सकाळी आठ. माणूस दिसेना, तेव्हा ते पट्ट्या बघायला लागले. खरंखुरं शिकले. आणि खालच्या राईला हाच बदल शिकायला नऊ दिवस लागले होते. मावशींनी सगळं बरोबर टिपलं होतं, मीच..."

"तुझी नोंद वेगळी लिहू," बाई म्हणाल्या. "सात दिवस. थोडे आहेत, पण स्वच्छ आहेत. एवढं पाठवलं तर एक हंगाम आणखी मागता येईल. फक्त एक अडचण आहे." त्यांनी बोटाने निळी वही दाखवली. "कारण दम लागण्याचं असेल, तर तो त्या सात दिवसांतही लागला असणार. मग तेही दिवस बाद. तेव्हा का थांबला नाहीस, हे कळल्याशिवाय मी हा आठवडा खरा धरू शकत नाही. चुकीचं कारण म्हणजे दुसरी चूक."

सुताराने वहीकडे पाहिलं. मग मघाचं वाक्य एका रेघेने खोडलं, खाली नवं लिहिलं आणि खाली मान घालून वाचलं.

"भरणारा खाऊच्या खोक्यापाशी थांबत असे, कारण तिथून वळण दिसतं आणि वळणावरून ती येते. सात दिवस ती येणार नव्हती, म्हणून थांबला नाही."

"ती कोण?" बाईंनी चष्मा पुसत विचारलं. "नोंदीत मोघम चालत नाही."

त्याने मान वर केली. आज तोंडावर मफलर नव्हता, वळायला कातळ नव्हता. "तू," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "पहिल्या धुक्यापासून तूच. तुझी दोन पावलं वळणावर दिसली की माझा दिवस उजाडायचा. त्यापायी तुझं काम नासलं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? चूक माझी आहे, माझ्या एकट्याची."

मावशींची पोळी तव्यावर करपू लागली.

तिने पुढे होऊन त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. वही स्वतःकडे वळवली. लिहायला खाली वाकली... आणि मग लिहिलंच नाही. सरळ उभी राहिली. गेले तीन महिने जे तिने वहीला सांगितलं नव्हतं, मावशींना सांगितलं नव्हतं, पहाटे एकटीने चढताना स्वतःच्या ओठांवरही येऊ दिलं नव्हतं, ते तिने मोठ्याने, सगळ्यांसमोर, अडखळत सांगितलं:

"एकट्याची नाही. तासाभराची वाट आहे बाई ती, पण मला रोज सव्वा तास लागायचा. मी त्या वळणावर मुद्दाम रेंगाळायचे... तू उतरून येईपर्यंत. मला वर पोचायची घाई कधी नव्हतीच रे. मला तू हवा होतास. अजून हवा आहेस."